शेवटचा चमचा सगळ्यात चविष्ट का?

बालमित्रांनो, एक टेप आणि एक खडू घ्या. अंगणात किंवा गच्चीवर साडेसहा मीटर लांबीची सरळ रेघ ओढा. ओढलीत? आता एवढ्या रुंदीचं पातेलं डोळ्यांसमोर आणा.

असं पातेलं खरंच आहे! जपानमध्ये यामागाता नावाचं शहर आहे. तिथे मामिगासाकी नदीच्या काठावर दर सप्टेंबरात हे पातेलं चुलीवर चढतं. त्यात सुमारे तीन टन अळकुड्या पडतात. शिवाय गोमांस, कांद्याची जाडजूड पात, कोन्याकू नावाच्या कंदापासून केलेल्या लिबलिबीत वड्या आणि सोया सॉस. एवढं सगळं वाढायचं कसं? इथे डाव आणि पळी काय पुरणार! म्हणून तिथे रस्ते खणणारं, लांब हाताचं यंत्र येतं. मात्र ते अगदी नवं कोरं असतं, मातीला कधी न शिवलेलं. त्याच्या सांध्यांना नेहमीचं ग्रीस न लावता खाता येतील असेच स्निग्ध पदार्थ लावतात. मग ते यंत्र आपला भलामोठा पंजा रश्शात बुडवतं आणि हजारो माणसांची जेवणं होतात.

आणि हो, अळकुड्या म्हणजे आपल्याच बरं का! ज्या अळूची आई वडी करते, त्याच जातीचा हा कंद. कोलोकेशिया एस्क्युलेंटा हे शास्त्रीय नाव आपल्या अळूचं आणि जपानी ‘सातोइमो’चंही. अळकुडी कच्ची राहिली की घसा खवखवतो, कारण तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे टोकदार, डोळ्यांना न दिसणारे स्फटिक असतात. भरपूर शिजवली की तो त्रास उरत नाही. यामागाताच्या पातेल्यात ती मनसोक्त शिजते.

या रश्शाचं नाव इमोनी. जपानमध्ये ‘नाबे’ नावाचं जेवणाचं एक मोठं कुटुंब आहे, इमोनी त्यातलाच एक प्रकार. पण रोजच्या घरात काही नदीकाठचं पातेलं नसतं. घरचं नाबे छोटं असतं, चार-पाच माणसांपुरतं. थंडी पडली की टेबलाच्या मधोमध एक छोटी शेगडी ठेवतात, शेगडीवर झाकणाचं मातीचं भांडं आणि भोवती घरातली सगळी मंडळी. भाज्या चिरून ताटात मांडलेल्या असतात. एकीकडे शिजतंय, दुसरीकडे खाणं चाललंय. ताटातलं संपलं की भांड्यात पुढची भर पडते.

आता नाबेतली गंमत ऐका. सुरुवातीला भांड्यात जवळजवळ नुसतं पाणी असतं. फोडणी नाही, मसाला नाही, वाटण नाही. आणि जेवण संपता संपता तेच पाणी इतकं चविष्ट झालेलं असतं, की पोट भरलेली माणसंसुद्धा त्याचा शेवटचा चमचा सोडत नाहीत.

ही चव आली कुठून? चला, शोध घेऊ.

समुद्रातून आलेली पट्टी

भांड्यात थंड पाणी ओतलं की त्यात सगळ्यात आधी पडते एक काळपट हिरवी, कडक पट्टी. हिचं नाव कोंबू. हे समुद्रात वाढणारं एक शैवाल आहे, चपटं आणि कित्येक मीटर लांब. जपानच्या उत्तरेला होक्काइदो नावाचं बेट आहे. तिथल्या गार समुद्रात कोंबू खडकांना घट्ट धरून वाढतं. उन्हाळ्यात कोळी छोट्या होड्या घेऊन निघतात, लांब काठीने पाण्यातलं कोंबू वर ओढतात आणि किनाऱ्यावरच्या दगडगोट्यांवर उन्हात पसरतात. रिशिरी, राउसु, हिदाका अशा ज्या भागातलं कोंबू, त्या भागाच्या नावाने ते बाजारात येतं.

वाळलेल्या कोंबूवर पांढरी भुकटी दिसते. बुरशी समजून ती घासून धुवायला जाऊ नका हं. तो मॅनिटॉल नावाचा किंचित गोड पदार्थ आहे. जपानी स्वयंपाकघरात कोंबू ओल्या फडक्याने हलकेच पुसतात आणि अर्धा तास थंड पाण्यात भिजत ठेवतात. मग अगदी मंद आच. भांड्याच्या कडेने बारीक बुडबुडे दिसायला लागले की, पाण्याला उकळी फुटायच्या आधीच, कोंबू बाहेर काढतात. कारण जास्त उकळलं तर पाणी बुळबुळीत होतं आणि नको ते वासही त्यात उतरतात.

आता तुमच्यातला एखादा चौकस मित्र विचारेल, “कोंबू तर जन्मभर पाण्यातच होतं. मग त्याची चव समुद्रातच का नाही विरघळून गेली?”

फार छान प्रश्न! जिवंत कोंबूच्या प्रत्येक पेशीभोवती एक पातळ आवरण असतं. पेशीत काय येऊ द्यायचं आणि बाहेर काय जाऊ द्यायचं, हे ते आवरण ठरवतं. जोवर कोंबू जिवंत आहे, तोवर चवीचे रेणू आतच सांभाळले जातात. कोंबू वाळलं की पेशी मरतात आणि ही आवरणं फाटतात. मग पाणी लागताच आतला माल बाहेर! म्हणून समुद्रातलं कोंबू चव धरून ठेवतं आणि भांड्यातलं कोंबू चव सोडून देतं.

प्राध्यापक इकेदांचा प्रश्न

हा आतला माल म्हणजे नेमकं काय? हाच प्रश्न किकुनाए इकेदा यांना पडला होता. ते तोक्यो इम्पीरियल विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. असं सांगतात, की घरी युदोफू खाताना, म्हणजे कोंबूच्या पाण्यात गरम केलेला टोफू खाताना, ते त्या पाण्याच्या चवीने विचारात पडले. ही चव गोड नाही, आंबट नाही, खारट नाही आणि कडूही नाही. मग ही आहे तरी कोणती?

विचार करून ते थांबले नाहीत. त्यांनी १२ किलो वाळलेलं कोंबू घेतलं. त्याचा अर्क काढला, तो आटवला, एकेक पदार्थ वेगळा करत गेले. अखेर त्यांच्या हाती उरले ३० ग्रॅम स्फटिक. एवढ्या ढिगाऱ्यातून जेमतेम दोन-तीन चमचे! ते होतं ग्लुटामिक आम्ल. त्याचे क्षार, म्हणजे ग्लुटामेट, पाण्याला ती खास चव देतात, हे त्यांनी १९०८ साली दाखवून दिलं. या चवीला त्यांनी नाव दिलं ‘उमामी’.

बाकीच्या शास्त्रज्ञांना ही पाचवी चव पटायला खूप वर्षं लागली. आपल्या जिभेवर ग्लुटामेट ओळखणारे खास रेणू आहेत, हे एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिद्ध झालं आणि मग शंकेला जागाच उरली नाही.

तुम्हाला वाटेल, ही जपानी चव आपल्याला कुठली ठाऊक असणार? पण ती तुम्ही बोलायला शिकायच्या आधीपासून ओळखता. आईच्या दुधात ग्लुटामेट भरपूर असतं! पिकलेल्या टोमॅटोतही असतं. टोमॅटो चिरून त्यातल्या बियांभोवतीचा गर तेवढा चाखा, मग बाहेरचा जाड भाग चाखा. गरात जास्त चव लागेल, कारण ग्लुटामेट तिथे जास्त असतं. घास गिळल्यावरही चव जिभेवर रेंगाळते आणि तोंडाला पाणी सुटत राहतं, तीच उमामीची खूण.

एक आणि एक किती?

कोंबूचं गुपित उलगडलं, पण नाबेचं अजून नाही. कारण कोंबू तर आपण उकळीआधीच बाहेर काढलं. पुढची चव कुणी आणली?

इकेदांचे विद्यार्थी शिंतारो कोदामा यांनी १९१३ साली आणखी एक पदार्थ हुडकला. तो होता कात्सुओबुशीमध्ये. कात्सुओ हा ट्यूनाच्या घराण्यातला मासा. तो शिजवून, धुरी देऊन, पुन्हा पुन्हा वाळवून लाकडासारखा टणक करतात. मग तो चाकूने कापता येत नाही. एका लाकडी पेटीच्या वरच्या बाजूला रंध्याचं पातं बसवलेलं असतं. त्यावर मासा घासला की गुलाबीसर, पारदर्शक ढलप्या खालच्या खणात पडतात. त्या गरम पाण्यात टाकल्या की क्षणात पाण्याला चव येते. कोदामांना त्यांत सापडलं इनोसिनेट. पुढे १९५७ साली अकिरा कुनिनाका यांनी ग्वानिलेटचा शोध लावला. हे असतं वाळवलेल्या शिइताके मशरूममध्ये.

आता खरी जादू. ग्लुटामेटचं पाणी एका वाटीत घेतलं आणि इनोसिनेटचं दुसऱ्या वाटीत, तर दोन्हींची चव बेताचीच लागते. पण दोन्ही एकत्र केली की चव दुप्पट होऊन थांबत नाही, कितीतरी पटींनी वाढते! जिभेवरच्या त्या खास रेणूला ग्लुटामेट चिकटतं आणि इनोसिनेट किंवा ग्वानिलेट त्याला तिथे घट्ट धरून ठेवायला मदत करतं. म्हणून मेंदूकडे जाणारा निरोप जोरकस होतो.

कोकणातल्या घरी सुक्या माशांच्या कालवणात टोमॅटो पडतो, तेव्हाही हेच घडतं. वाळवलेल्या माशांतलं इनोसिनेट आणि टोमॅटोतलं ग्लुटामेट एकमेकांना भेटतात. रसायनं तीच, चवीचं गणितही तेच.

नाबेत तर अशा भेटी सारख्या घडत असतात. कोंबूने पाण्यात ग्लुटामेट ठेवलेलं असतंच. मग शिइताके येतं ग्वानिलेट घेऊन. मासे किंवा कोंबडी असेल तर इनोसिनेट येतं. भाज्या साखर आणतात. जो येतो तो पाण्याला काहीतरी देतो, आणि पाणी ते जपून ठेवतं.

भोकांची करामत

आता ज्या भांड्यात हा सोहळा चालतो, त्याच्याकडे नीट पाहू. याला म्हणतात दोनाबे. जाड बुडाचं, दोन कान असलेलं, मातीचं भांडं. झाकणाला वाफेसाठी एक छोटंसं छिद्र.

जपानच्या मिए प्रांतात इगा नावाची जागा आहे. जपानमधलं सगळ्यात मोठं सरोवर बिवा. सुमारे ४० लाख वर्षांपूर्वी हे सरोवर आजच्या जागी नव्हतं, तेव्हा ते इगाच्या भागात होतं! त्याच्या तळाशी चिखल साचत गेला आणि त्या चिखलात झाडापाल्याचे, जिवांचे बारीक अवशेष अडकून राहिले. आज कुंभार तीच माती वापरतात. भांडं भट्टीत तापलं की ते जुने अवशेष जळून जातात आणि त्यांच्या जागी राहतात असंख्य बारीक पोकळ्या. दोनाबेच्या भिंतीत लाखो वर्षांपूर्वीच्या झाडांनी रिकामी केलेली जागा असते, असं म्हणा ना!

या पोकळ्यांत हवा असते आणि हवेतून उष्णता फार सावकाश जाते. त्यामुळे दोनाबे तापायला वेळ लावतं, पण एकदा तापलं की आच बंद केल्यावरही बराच वेळ आतलं पाणी गदगदत राहतं.

आपल्या माठालाही बारीक छिद्रं असतात, नाही का? पण माठात पाणी त्या छिद्रांतून बाहेर झिरपतं, त्याची वाफ होते, वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते आणि आतलं पाणी गार होतं. म्हणजे छिद्रं तिथेही आणि इथेही, पण माठाची छिद्रं पाणी गार करतात आणि दोनाबेची गरम ठेवतात. फरक एवढाच, की माठाची छिद्रं पाण्याला बाहेर पडू देतात आणि दोनाबेची हवेला धरून ठेवतात.

मग दोनाबेतून पाणी झिरपत कसं नाही? त्यासाठी नवं भांडं आणलं की आधी त्यात भाताची पातळ पेज शिजवतात. पेजेतला स्टार्च फुगून मऊ होतो आणि बारीक भेगांमध्ये, छिद्रांमध्ये जाऊन बसतो. भांड्याला आतून अस्तर मिळतं. अजून एक नियम फार कडक असतो. शेगडीवर ठेवण्याआधी दोनाबेचं बूड बाहेरून पूर्ण कोरडं हवं. छिद्रांत पाणी राहिलं तर तापल्यावर त्याची वाफ होते, वाफेला पाण्यापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते आणि जागेसाठी ती भांड्यालाच तडा देते.

आधी कोण, मग कोण?

नाबे करताना सगळ्या भाज्या एकदम ओतून चालत नाही. प्रत्येकाची पाळी ठरलेली असते. ही पाळी सांभाळणारं एक माणूस बहुतेक घरांत असतंच. “अजून नको टाकू!”, “आता काढ, काढ!”, “झाकण ठेव!” असे हुकूम ते सोडत असतं. अशा माणसाला गमतीने ‘नाबे-बुग्यो’ म्हणतात. बुग्यो म्हणजे जुन्या काळातला मोठा सरकारी अधिकारी. पण या अधिकाऱ्याच्या हुकमांमागे विज्ञान असतं.

नाबेतली लाडकी भाजी म्हणजे हाकुसाइ. आपल्या बाजारात तिला चायनीज कोबी म्हणतात. तिचं एकेक पान हातात घेऊन पाहा. खालचा देठाचा भाग पांढरा, जाड आणि रसाळ. वरचा भाग हिरवा, पातळ आणि सुरकुतलेला. शिजायला दोघांना सारखा वेळ कसा पुरेल? म्हणून दोन्ही वेगळे करतात. पांढरा भाग सरळ कापत नाहीत. सुरी आडवी, जवळजवळ झोपवून धरतात आणि तिरपा काप काढतात. तिरप्या कापाला उघडी बाजू जास्त मिळते. उष्णता लवकर आत शिरते, आतला गोडवा लवकर बाहेर येतो. हेच काप आधी पाण्यात जातात. हिरवी पानं शेवटी.

गाजर आणि दाइकोन, म्हणजे जपानी पांढरा मुळा, आधी. शिइताकेही आधी, कारण त्याला चव सोडायला वेळ हवा. त्याच्या टोपीवर सुरीने चांदणीसारखी खाच पाडतात. ती सुंदर दिसते आणि उष्णता आत जायला वाटही होते. नेगी, म्हणजे लांब पांढऱ्या दांड्याचा पातीचा कांदा, मधल्या पाळीत. टोफूही मधेच, आणि तेही हलक्या आचेवर. टोफू जोरात उकळला तर त्यातली प्रथिनं आकसतात, आत छोटी भोकं पडतात आणि मऊ टोफू चिवट होतो. शुंगिकू ही शेवंतीच्या कुळातली हिरवी पालेभाजी सगळ्यात शेवटी, अर्ध्या-एक मिनिटापुरतीच.

पाण्यावर फेस दिसला तर तो जाळीच्या चमच्याने अलगद काढतात. मांस घातलं असेल तर हा फेस जास्त येतो. मांसातून सुटलेली प्रथिनं गरम पाण्यात गोठतात आणि वर तरंगतात.

आणखी एक नवल. थंडीतली हाकुसाइ आणि नेगी एरवीपेक्षा गोड का लागतात? बाहेर गारठा वाढला की झाडाच्या पेशीतलं पाणी गोठण्याचा धोका असतो. पाणी गोठलं तर पेशी फुटतील. म्हणून झाड आपल्याकडच्या स्टार्चची साखर करून पेशीत साठवतं. साखर विरघळलेलं पाणी साध्या पाण्यापेक्षा कमी तापमानाला गोठतं. झाडाने जीव वाचवायला केलेली ही युक्ती आपल्या जिभेला गोड लागते! नाबे हिवाळ्यात जास्त का रंगतं, याचं हेही एक कारण.

गावोगावचे नाबे

प्रत्येक प्रांताने आपल्याकडे जे पिकतं, जे मिळतं, ते नाबेत घातलं. होक्काइदोत इशिकारी-नाबे, म्हणजे सामन मासा आणि मिसो (सोयाबीन आंबवून केलेला दाट खारट लगदा). आकिता प्रांतात किरितांपो-नाबे. तिथे शिजलेला भात कुटून लाकडी काठीवर थापतात, निखाऱ्यावर भाजतात आणि तुकडे करून कोंबडीच्या रश्शात सोडतात. फुकुओकात मिझुताकी, कोंबडी सावकाश उकळून केलेलं. यामागाता शहरातली इमोनी सोया सॉस आणि गोमांसाची, तर शेजारच्या मियागी प्रांतातली मिसो आणि डुकराच्या मांसाची.

सुमो पहिलवानांचं जेवण चांको-नाबे. मोठाल्या भांड्यात मांस, मासे, टोफू आणि ढीगभर भाज्या. त्यात कोंबडीला विशेष मान असतो. का? सुमोत पहिलवानाचा हात जमिनीला टेकला की तो हरला. गाय आणि डुक्कर चार पायांवर चालतात, कोंबडी मात्र दोन पायांवर उभी असते!

शाकाहारी मित्रांसाठी क्योतो शहर आहेच. तिथल्या नानझेनजी मंदिराच्या आसपास युदोफू प्रसिद्ध आहे. भांड्यात पाणी, तळाशी कोंबूची पट्टी आणि त्यावर पांढरेशुभ्र टोफूचे चौकोन. बस्स, एवढंच! इकेदांना कोडं घालणारं नाबे ते हेच.

चला, घरी करू

हे सगळं आपल्या घरी करता येतं. पण आधी आईबाबांना किंवा घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घ्या. शेगडी आणि सुरी त्यांच्या ताब्यात; धुणं, मांडणं, पाळी लावणं तुमच्याकडे.

जपानी घरांत टेबलावर ठेवतात ती गॅसची छोटी, नळी नसलेली शेगडी. इवातानी कंपनीने ती १९६९ साली आणली आणि घरोघरी टेबलावर नाबे शिजवणं सोपं झालं. तुमच्याकडे इंडक्शनची शेगडी आणि तिच्यावर चालणारं जाड बुडाचं स्टीलचं पातेलं असेल तरी छान. ज्वाळेची शेगडी असेल तर खिडक्या उघड्या हव्यात. बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीच पेटवायची नाही. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जिवावर बेततो.

चार जणांसाठी एक लिटर पाणी आणि हाताच्या पंजाएवढा, साधारण १० ग्रॅम कोंबूचा तुकडा घ्या. मोठ्या शहरांतल्या काही दुकानांत आणि ऑनलाइनही कोंबू मिळतं. नाहीच मिळालं तर चार-पाच वाळलेले शिइताके रात्रभर थंड पाण्यात भिजवा आणि ते पाणी वापरा. सोबत एक पिकलेला टोमॅटो घातला की ग्लुटामेटचीही सोय झाली.

भाज्या घ्या चायनीज कोबी, गाजर, मुळा, मशरूम, पातीचा कांदा, पालक आणि टोफू. पाळी तुम्हाला आता माहीत आहे. रश्शात सोया सॉस अगदी थोडा, दोन चमचे पुरे. खरी खारट-आंबट चव मिळते बुडवून खायच्या वाटीत. जपानमध्ये त्यासाठी पोंझू असतं, म्हणजे सोया सॉस आणि युझू नावाच्या लिंबूवर्गीय फळाचा रस. आपण कागदी लिंबाचा रस घेऊ. दोन चमचे सोया सॉस, एक चमचा लिंबूरस आणि रश्शातलंच थोडं पाणी. दुसरी वाटी भाजलेल्या पांढऱ्या तिळाच्या कुटाची करा.

भांड्यातून गरम घास काढायचा, वाटीत बुडवायचा, फुंकर मारायची आणि खायचा. मांसाहारी नाबे असेल तर कच्चं मांस उचलायचा चिमटा वेगळा आणि खायचा चमचा वेगळा. जपानी घरांतही याची काळजी घेतात.

आता शेवटचा चमचा

भाज्या संपल्या. ताट रिकामं. भांड्यात उरलाय रस्सा. जपानी माणसं इथे मुळीच उठत नाहीत, कारण आता येते ‘शिमे’ची वेळ, म्हणजे जेवणाची सांगता. शिजलेला भात पाण्यातून एकदा खळबळून काढतात, म्हणजे वरचा चिकट स्टार्च निघून जातो. हा भात रश्शात सोडतात. पाच मिनिटं मंद आच. मग फेटलेलं अंडं गोल फिरवत ओततात, झाकण ठेवतात आणि शेगडी बंद करतात! दोनाबेच्या भिंतीत साठलेली उष्णता अंडं मऊ शिजवायला पुरते. हा झाला झोसुइ. भाताऐवजी उदोन, म्हणजे गव्हाच्या जाड शेवयाही घालतात. अंडं नको असेल तर नुसता भातही उत्तम.

आता आपल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच द्याल. कोंबूचं ग्लुटामेट, शिइताकेचं ग्वानिलेट, हाकुसाइची साखर, सगळं पाण्यात उतरलं होतं. एवढा वेळ पाणी वाफ होऊन उडत होतं, पण चवीचे हे रेणू वाफेबरोबर उडून जात नाहीत. म्हणून रस्सा दाट चवीचा होत गेला. शेवटी भाताच्या शितांनी फुगत फुगत तो पिऊन घेतला. भाज्यांनी जे जे सोडलं, त्यातला थेंबही वाया गेला नाही. मला नाबे इतकं आवडतं ते यासाठीच. इथे चव बाहेरून ओतलेली नसते, एकेकाने थोडी थोडी दिलेली असते.

तीन चमच्यांचा प्रयोग

वाचून विश्वास ठेवू नका, चाखून पाहा. कोंबू काढल्यावर एक चमचा रस्सा एका वाटीत काढा. मशरूम आणि जाड भाज्या शिजल्यावर दुसऱ्या वाटीत एक चमचा. भात घालायच्या आधी तिसऱ्या वाटीत एक. सोया सॉस मात्र तिसरा चमचा काढल्यावरच घाला, नाहीतर मिठाच्या चवीने घोटाळा होईल. वाट्यांवर खालच्या बाजूने आकडे लिहा, गार होऊ द्या आणि जागा बदलून घरच्यांना चाखायला द्या. कुणाला क्रम बरोबर ओळखता येतो? कुठल्या चमच्यानंतर तोंडाला जास्त वेळ पाणी सुटतं?

पुढच्या वेळी मशरूम न घालता हाच प्रयोग करा आणि फरक लिहून ठेवा. आणि नाबे-बुग्यो व्हायचं असेल तर आजच कागद घ्या. तुमच्या भागात हिवाळ्यात मिळणाऱ्या सहा भाज्या निवडा, त्या भांड्यात कोणत्या क्रमाने जातील ते ठरवा आणि प्रत्येकीपुढे कारण लिहा. कारण पटलं, तर घरातलं कुणीही तुमचा हुकूम मोडणार नाही!